पाटलाचा हौद

हाताला स्पिरिटचा वास आला की मला जिंतूर रस्त्यावरचं आमचं गाव आठवतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणात गावानं आमच्या वस्तीचं पाणी तोडलं होतं, कामाला बोलावणं मात्र चालूच होतं. त्याच साली तापाची साथ आली. पाटलाच्या अंगणात झाडलोट करणारी माझी मावशी हिरड्यांतून रक्त जाऊन वारली. पाटील चावडीवर म्हणाला, "ताप ह्यांच्याच वस्तीतनं आलाय, लय घाण हाय तिथं." मी तेव्हा परभणीच्या एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायचो. डॉक्टरसाहेबांबरोबर जाऊन मी वस्तीतल्या आणि गावातल्या रोग्यांचं रक्त घेतलं आणि बर्फात घालून पुण्याच्या विषाणू प्रयोगशाळेत पाठवलं. तिथून कळलं, डेंग्यू आहे आणि त्याच्या विषाणूच्याही दोन जाती आहेत. पाटलाच्या सुनेच्या रक्तात तर दोन्ही एकदम सापडल्या. "डेंग्यू पसरवणारा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो," साहेब म्हणाले. वस्तीत साठवायला पाणीच नव्हतं. पाटलाच्या अंगणातला हौद काठोकाठ भरला होता आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. मी तो रिकामा करायला निघालो तसे मला जन्मात पहिल्यांदा 'तुमी' म्हणत पाटलानं हात जोडले, "एवढं पाणी नका सांडू तुमी." मी चावडीवरची माणसं आत बोलावली, त्याच्यादेखत एकेकाला अळ्या दाखवल्या आणि मगच हौदाचं बूच ओढलं. सून वाचली. "बाबा, आता सोडून द्या ते," मुलगी म्हणते. पाटील जाऊनही कैक वर्षं झाली, पण त्याचे ते जोडलेले हात आठवले की मला अजून बरं वाटतं.