मावशीच्या कादंबरीसारखं पुस्तक

माझी मावशी दातांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावते. तिनं किशोरवयीन मुलांसाठी एक कादंबरी लिहिली. शाळेच्या जिन्यात एकटीच डबा खाणाऱ्या मुलीची. लेखकांचं लिखाण प्रकाशकांपर्यंत नेणारा एक एजंट तिला म्हणाला, "हिच्यासारखी अलीकडची दोन पुस्तकं सांगा. चांगली खपलेली. प्रकाशक आधी तेच विचारतात."

"तशी असती तर मी कशाला लिहीत बसले असते?" मावशी करवादली. तरी महिनाभर ती वाचनालयात मुलांच्या बुटक्या खुर्चीवर अवघडून वाचत बसली. प्रत्येक पुस्तकातल्या एकट्या मुलीला शेवटी मैत्रीण मिळायचीच. "मिळाली हिलाही मेलीला!" म्हणत मावशी पुस्तक मिटायची.

एजंटनं तोडगा काढला, "तुमच्याही मुलीला एक मैत्रीण देऊन टाका. मग सारखी पुस्तकं ढिगानं सापडतील."

"म्हणे देऊन टाका!" मावशी फोनवर माझ्यावरच भडकली.

तिची समजूत काढायला मी दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात गेले. आत टेबलाभोवती सगळा स्टाफ हसतखिदळत जेवत होता. मावशी मागच्या जिन्यात डबा उघडून बसली होती. माझी पावलं ऐकून, मान वर न करताच ती भिंतीकडे सरकली. येणाऱ्याला वर जायला वाट हवी म्हणून.