मजकूर सोडून

छावणीतल्या टायपिंगच्या दुकानात बसणारे एक निवृत्त हवालदार फौजेत क्लार्क होते. बोलण्याआधी चष्मा पुसायची त्यांची सवय. परवा मी झेरॉक्सला गेलो, तेव्हा एक जवान त्यांच्याकडून तक्रार लिहून घेत होता. वरिष्ठानं त्याचा मोबाइल हिसकावून बायकोचा मेसेज बराकीत सगळ्यांसमोर वाचला होता. मेसेजमध्ये काय होतं ते तो सांगू लागला, तसं त्यांनी चष्मा काढला.

"ते नाय सांगायचं. तारीख, जागा, कोण हजर होतं, एवढंच लिहू. अर्ज त्याच्या वरच्या साहेबाकडं जाईल. बायकोचं बोलणं एकदा चारचौघांत गेलं, तेवढं लई झालं."

जवान गेल्यावर मी हळूच विचारलं, "काय असंल हो मेसेजमध्ये?"

त्यांनी पुन्हा चष्मा पुसला.

"तुमच्याविरुद्ध बी एक टाइप करू का?"