पाचव्या आठवड्यातला ताप

धुळ्याच्या पुनर्वसन केंद्रात मी सहा आठवडे होतो. युनिफॉर्म उतरला होता, रूटीन सुटलं नव्हतं. ०६०० ला चहा, ०७३० ला टेम्परेचर, ०९०० ला कॉइल. चुंबकाची ती कॉइल डोक्याला लावली की टकटक ठोके द्यायची. लगेच पुढे तासभर बोटांचा व्यायाम. मेंदू जागा झालाय तोवर हाताकडून काम करून घ्या, असं डॉक्टर बजावायचे.

शेजारच्या बेडवर नायक गुलाब सोनवणे, पिंपळनेरचा. आमची गाडी दरीत गेली तेव्हाही तो माझ्या शेजारीच होता. दोघांचेही मानेचे मणके मोडले, हात मेले. गुलाबला एकच हवं होतं, पाण्याचा ग्लास स्वतः उचलायचा. बायकोने पाजलेलं पाणी त्याच्या घशाखाली उतरत नसे.

चौथ्या आठवड्यात माझा अंगठा तर्जनीला टेकला. त्याचं नुसतं एक बोट हललं. तेवढ्यावर गडी हवेत.

पाचव्या आठवड्यात, सोमवारी चहाच्या वेळी त्याचे दात वाजत होते.

"उस्ताद, ताप शे. पन सांगू नका. कॉइल बंद करी देतीन."

नियम तसाच होता. तापात कॉइल दिली तर फिट येऊ शकते. पण सिक रिपोर्ट करतो तो कामचोर, हे पलटणीत आमच्या हाडीमाशी खिळलेलं. मी हवालदार, त्याचा सीनियर. सांगणं माझं काम होतं. मी व्हीलचेअर त्याच्या बेडला लावली, पॅरासिटामॉलची गोळी चिमटीत धरली आणि त्याच्या तोंडात टाकली. बऱ्या झालेल्या हाताने मी केलेलं हे पहिलं काम.

०७३० ला सिस्टर आली.

"ताप?"

"नाही सिस्टर. फर्स्ट क्लास."

थर्मामीटरनेही त्याचीच री ओढली.

तीन दिवस हेच चाललं. लघवीच्या नळीतलं इन्फेक्शन रक्तात गेलं होतं. गुरुवारी तो बेशुद्ध पडला. शुक्रवारी ११४० ला गेला.

पुढे शिंदखेड्यात माझा सत्कार झाला. जिद्दीचा म्हणे! शाल मी माझ्याच हातांनी घेतली. टाळ्या पडत होत्या आणि मला माझीच किळस येत होती.

दहाव्याला त्याच्या बायकोने विचारलं होतं, "भाऊ, तुम्ही बाजूलेच व्हतात ना? तुमले काहीच समजनं नही?"

"नही, ताई."

तो बिछान्यात गेला, म्हणून हुतात्म्यांच्या फलकावर त्याचं नाव नाही. इथे लिहितो. नायक गुलाब सोनवणे, वय छत्तीस. मला समजलं होतं, ताई.