साहेबावर थापलेल्या शेणी

मंडळी, आज आमच्या काकूनं गावाचं नाक कापलं की राखलं, ते तुम्हीच सांगा.

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात सध्या चित्रकार घराघराच्या भिंती रंगवतायत. आमच्या भिंतीवर आजोबा आले. दुसऱ्या महायुद्धातले, फौजी वर्दीतले, आणि शेजारी त्यांचा गोरा साहेब. उद्या बाहेरगावचे पाहुणे चित्रं बघायला येणार.

आज सकाळी बघतो तर साहेब गायब! टोपीपासून बुटापर्यंत त्याच्यावर ओल्या शेणी थापलेल्या. आजोबांवर मात्र एक शिंतोडा नाही.

चित्रकार रडकुंडीला आला. "काकू, हे काय केलंत?"

काकूनं आजोबांच्या चित्राकडं बघून डोक्यावरचा पदर सावरला. "आवं, उन्हाची भिंत हाय ही. दरसाल हितंच थापते. पर सासऱ्यावर शेण कसं थापू?"

"मग साहेबावर कसं थापलंत?"

"त्यानं मामंजींना दिवसभर उन्हात उभं केलं व्हतं. लय येळा सांगायचे. आता शेणी वाळंपत्तर त्यानं बी ऱ्हावं उभं."

चित्रकारानं गुमान ब्रश पिशवीत घातले.

उद्या पाहुणे येतील. शेणी काढा म्हणून काकूला सांगायला तुमच्यापैकी कोण येतंय?