पाद्र्याच्या बायकोचं माहेर

आमच्या घणसोली गावात पाहुण्याला विचारत बसत नाहीत, सरळ वाढतात. नव्वदीच्या दशकात आमच्या माडीवर एक परदेशी पाद्री आणि त्याची बायको भाड्याने राहायला आली, तेव्हा आईने पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे बोंबलाचं कालवण ठेवलं. तिखटाने पाद्र्याच्या डोळ्यांना धार लागली. आई म्हणाली, "कवरा भाविक मानूस हाय!"

दर रविवारी पाद्री माडीवर प्रार्थना घ्यायचा. जाणारी एकटी आमची आई. दुसऱ्याच्या घरी पूजेला रिकाम्या हाताने जात नाहीत, म्हणून ती नारळ आणि मूठभर तांदूळ न्यायची, देव्हारा दिसेना म्हणून टेबलाखाली ठेवायची आणि बिस्किटाचा प्रसाद खाऊन खाली यायची. वर्षभरात त्या टेबलाखाली नारळांचं दुकान झालं. येशू काही तिच्या पचनी पडला नाही. पाद्र्याची बायको मात्र थेट चुलीपर्यंत पोचली. आईशेजारी बसून मासे साफ करायची, तिला 'आई' म्हणायची. मी सख्खी मुलगी, मला मासळीच्या वासाने उलटी. माझा जळफळाट व्हायचा, कशाला लपवू?

मग तिला दिवस गेले आणि आईने जाहीर करून टाकलं, "पयलं बालंतपन माहेरीच. हिची आई सात समिंद्रापल्यार, मंग मी कशाला हाय?"

सातव्या महिन्यात निरोप आला, की मिशनचा मोठा साहेब कामाची पाहणी करायला येतोय. पाद्री तोंड पाडून म्हणाला, "आमच्याकडे कोणी येत नाही, हे त्यांस दिसले तर ते आम्हांस मायदेशी परत पाठवतील."

"भरल्या पोटानं इमानात बसंल ती?" आई कडाडली. "मानसंच पायजेल ना? आनते मी."

आणि आणली! त्या रविवारी माडी भरली, जिना भरला, मला कशीबशी शेवटची पायरी मिळाली. बायकांच्या हातात नारळ, भजनी मंडळ टाळ-मृदंगासकट. आईने सगळ्यांना दम भरला होता, "सायबानं काय पन इचारलं तरी हात वर करा. त्वांड उघराचं नय."

साहेब म्हणजे पांढऱ्या दाढीचा गोड म्हातारा. तो इंग्रजीत विचारी आणि पाद्री त्याच्या पुस्तकी मराठीत सांगे.

"आपल्या मनास शांती लाभली आहे काय?"

हात वर.

"कोणास काही शंका आहे काय?"

झाडून सगळे हात वर. पाद्र्याने घाम पुसला. म्हातारा मात्र खूश, एवढी शंका विचारणारी माणसं! मग त्याने हसत हसत काहीतरी लांबलचक विचारलं आणि पाद्र्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याच्या बायकोचा हात पोटावर गेला. पण खोटं बोलायची सोय त्या बिचाऱ्याला कुठली?

"येथील कार्य पूर्ण झाले असून आम्हांस आता दुसऱ्या गावी पाठवावे, असे आपणांस वाटते काय?"

"आई, हात खाली!" मी जिन्यातून बोंबलले. पण भजनी मंडळाने उत्साहात टाळ वाजवले, माझं कोण ऐकतंय? सगळे हात वर. आईचे तर दोन्ही.

आठवड्याभरात त्यांची बदली झाली, लांब डोंगरातल्या कुठल्याशा पाड्यावर. आईने गावभर फिरून एकेकाला शिव्या घातल्या. "दोन हात तुझेच होते," वडील म्हणाले, तर त्यांच्याशीही बोलणं बंद. निघताना तिने त्या पोरीची ओटी भरली आणि भर रस्त्यात हंबरडा फोडला. मीही रडले, खोटं कशाला सांगू. घर नुसतं खायला उठलं होतं.

नववा महिना लागला आणि एका दुपारी दारात रिक्षा थांबली. आधी पोट उतरलं, मग ती. मागून दोन्ही खांद्यांना पिशव्या लटकवलेला पाद्री.

"साहेबाला विचारून आलात ना?" वडिलांनी विचारलं.

पाद्र्याने मुकाट्याने हात वर केला.

ती पायरीवर उभी होती. एका हातात नारळ, दुसऱ्या मुठीत तांदूळ. "आई, पहिलं बाळंतपण माहेरी," तिने पाठ केल्यासारखं म्हटलं.

आईने नारळाकडे पाहिलं आणि तिची सटकलीच. "माहेरी येताना नारल आनतात का गो? परकी हायेस?" म्हणत तिने तो नारळ माझ्या हातात कोंबला आणि डोळे पुसत तिला आत घेऊन गेली.