खिशातला अंगठा

आमच्या ह्यांच्या पायाला भिंगरी. धंदा सोफे नि गाद्या शिवायचा, पण स्वतः कधी एका जागी बूड टेकतील तर शपथ! फक्त रक्तपेढीच्या खुर्चीत तेवढे निमूट पडायचे. माझ्या थोरल्या नणंदेला रक्ताचा कॅन्सर. औषधांनी तिच्या प्लेटलेट्स पार तळाला जायच्या, आणि दर खेपेला हे आपल्या द्यायचे.

या खेपेला जाड कापड शिवताना दाभण अंगठ्यात घुसलं. अंगठा टम्म फुगला. "अहो, ठणका थांबायची गोळी घ्या!" मी ओरडले.

"गोळीनं प्लेटलेट्स सुस्तावतात. मग ताईला काय देऊ?" म्हणाले, आणि घरभर येरझाऱ्या. तिकडे ताईच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

रक्तपेढीत ह्यांचा उजवा हात खिशातून निघेना. नर्सबाईंनी विचारलं, "कुठे जखम वगैरे?"

"छे हो! ठणठणीत."

बोलावं तर ताईची पिशवी जाते, गप्प बसावं तर हे पू भरलेलं रक्त तिच्या अंगात. शेवटी तोंडातून निघालंच, "त्यांचा अंगठा बघा."

ह्यांनी असं पाहिलं, जशी काही मी सात जन्मांची वैरीण.

नर्सबाई म्हणाल्या, "अहो, प्लेटलेट्स नुसतं रक्त थांबवत नाहीत. जंतू शिरले की आधी धावतात त्या, त्यांना चिकटतात, पांढऱ्या पेशींना हाका मारतात. ही सूजही त्याच गडबडीतली. पण एखादा जंतू रक्तात उतरला असला तर? ही पिशवी फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, त्यात तो मजेत वाढेल. आणि तुमच्या बहिणीच्या अंगात आता लढायला आहे कोण?"

दुसरा दाता शोधायला फोन सुरू झाले. आम्ही वॉर्डात गेलो. तिथं हे खाटेभोवती गरागरा फिरत डाफरले, "हिनं घात केला, ताई!"

सगळं ऐकून ताईनं ओठावरचं रक्त टिपलं आणि चक्क हसली. "लहानपणी मला खाऊ आणायचास. वाटेत धुळीत पडला तरी सदऱ्याला पुसून द्यायचास, सांगायचा नाहीस. दाताखाली कचकच यायची तेव्हा कळायचं." तिनं माझा हात घट्ट धरला. "तरी खायचे मी. आता नाही रे झेपायचं."

हे मटकन स्टुलावर बसले. पिशवी अजून आली नव्हती. माझा जीव टांगणीला. सारखी दाराशी जाऊन बघून येत होते. हे मात्र जागचे हलले नाहीत.