अम्मीचा आवाज पोचला पाहिजे

वायफाय बसवणारा हा माणूस रेंज मोजायला कुठलंही यंत्र आणत नाही. आमच्याकडे आला, पुढच्या खोलीत राउटर लावला आणि त्याच वायफायवरून त्यानं थेट आपल्या आईला फोन लावला. "अम्मी, बोलते रहो," एवढंच म्हणून तो फोन समोर धरून घरभर फिरू लागला. अम्मी त्याला झापत होती, तो मान डोलावत होता. आवाज तुटला, की तिथं खडूनं फुली.

मला नेट हवं होतं मागच्या खोलीत. मी व्हिडिओ पाहून बासरी शिकतो, म्हणून बायकोनं मला तिकडे काढलं आहे. मधल्या खोलीत मात्र चांगल्या भावाची वाट पाहत कापूस पडलेला, पार आढ्याला टेकलेला. अम्मी नेमकी तिथंच मुकी झाली. याच्या आधी आलेले दोघं म्हणाले होते, आधी कापूस विका, मग बोलवा.

हा तसं काही बोलला नाही. चपला काढून ढिगावर चढला आणि शिंकत शिंकत वरच्या तुळईला रेंज पुढं ढकलणारा एक डब्बा बांधून आला. मग बासरीच्या खोलीत जाऊन त्यानं पुन्हा फोन लावला.

"ऐका काकाजी," तो खूश होऊन म्हणाला, "आता एकबी शिवी तुटून नाही राह्यली!"

जाताना दारात थांबला. "कापूस गेला का डब्ब्याचं काम नाही. भाव आला का फोन करजा, काढून नेतो."

आता नवी पेरणीही झाली. चौकात भेटला की तो विचारतो, "आला का भाव, काकाजी?"

"नेट झकास चालून राह्यलं," मी म्हणतो.